मामाचे जुने थ्री-वे स्पीकर: फोम झडलाय, एक ट्विटर मुका, काय काय बदलू?

खर्जप्रेमी

मंडळी, मदत हवीय. मामाने त्याचे जुने थ्री-वे स्पीकर मला दिलेत. खालच्या सुरांचा दहा इंची वूफर, मध्ये मिडरेंज, वर उंच सुरांचा घुमटाचा ट्विटर, खोकं पूर्ण बंद म्हणजे पोर्ट (हवेचं भोक) वगैरे काही नाही, आणि मागच्या बाजूला मिड नि ट्विटर कमीजास्त करायची दोन गोल बटणं. लहानपणी मी ह्यांच्यासमोर जमिनीवर पालथी पडून तासन् तास तानपुरा ऐकलाय, तो खर्जाचा षड्ज छातीत लागायचा तसा मला परत कुठेच मिळाला नाही, म्हणून हे नीट करायचेच आहेत.

आत्ताची परिस्थिती अशी की दोन्ही वूफरच्या कडेचा फोम बोट लावलं की चुरा होतोय, डावा ट्विटर अजिबात वाजत नाही, उजव्याचं बटण फिरवलं की खरखर येते. सोल्डरिंग मला येतं, मल्टिमीटर आहे, पण स्पीकर कधी उघडलेला नाही. माझ्या डोक्यात असं आहे की वूफर काढून नवीन दमदार दहा इंची टाकावेत, क्रॉसओव्हरचे (सूर तिघांत वाटून देणाऱ्या आतल्या सर्किटचे) सगळे कपॅसिटर भारीतले लावावेत, आणि बास वाढावा म्हणून पुढच्या फळीला एक पोर्टचं भोक पाडावं. खोकं आतून मोजलं तर साधारण 45 लिटर भरतंय. बरोबर चाललेय का मी?

जुनी_तार

आधी एक विनंती, ते वूफर काढून टाकू नका. फोम झडला म्हणजे वूफर गेला असं नसतं. कोन, मॅग्नेट, कोनला हलवणारी तारेची कॉइल सगळं ठणठणीत असतं, फक्त कडेची ती पट्टी पॉलीयुरेथेन फोमची असते आणि तो फोम हवेतल्या दमटपणाने कुजतो. स्पीकर रोज वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, 15-20 वर्षांत चुरा होतोच. ती पट्टी बदलता येते, आणि पहिल्यांदा करणाऱ्यालाही जमते, फक्त घाई चालत नाही. तोवर मात्र वाजवू नका, कड नसताना कोन तिरका हलतो आणि कॉइल घासून खरंच खराब होते.

वूफर बाहेर काढायच्या आधी वायरींचे फोटो काढा, कुठला रंग कुठल्या टोकाला ते लिहून ठेवा. आणि स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या हाताने धरून ठेवा, मॅग्नेट स्टीलला असं खेचतं की हात निसटला तर टोक सरळ कोनमध्ये. माझा एक चांगला कोन असा फाटला, अजून हळहळ वाटते. मग वायर सोडवून मल्टिमीटर लावा, 8 ओहमच्या वूफरला साधारण 5.5 ते 7 दिसतं, 4 ओहमच्याला 3 ते 3.5, दोन्ही वूफर जवळजवळ सारखे आले म्हणजे कॉइल शाबूत. नंतर बोटं समोरासमोर ठेवून कोन सारख्या दाबाने आत ढकला आणि कान लावून ऐका, खसखस आवाज नको.

फोम मागवताना "दहा इंची" एवढ्यावर मागवू नका, ह्यात भले भले फसतात. कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमवर फोम चिकटतो तिथला आतला-बाहेरचा व्यास आणि मधल्या फुगवट्याची रुंदी, सगळं मोजा. जुना फोम कोनच्या वरून चिकटवलेला होता की मागून तेही बघा. जुना गोंद काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण कापसाच्या बोळ्याने थोडं थोडं, कागदी कोन भिजवायचा नाही. एक वूफर सोलायला माझी पूर्ण संध्याकाळ जाते आणि मला तेच काम सगळ्यात आवडतं.

चिकटवायला वाळल्यावरही लवचिक राहणारा पांढरा ग्लू घ्या, तो हळू सुकतो म्हणून सरकवायला वेळ मिळतो. आधी फोम फक्त कोनला, तो एक दिवस वाळू द्या, मग फ्रेमला. फ्रेमला लावताना ॲम्प्लिफायरमधून 20-30 हर्ट्झचा सूर अगदी हळू सोडायचा, कोन दोनतीन मिलिमीटर हलला तरी पुरे, आणि फोम इकडेतिकडे सरकवत अशी जागा शोधायची की जिथे घासल्याचा आवाज बिलकुल नाही. मग कडेला कपड्यांचे चिमटे लावून परत एक दिवस सोडून द्या.

मोजमाप

जुनी_तार यांनी वूफरचं सगळं सांगितलं, मी ट्विटरचं बोलतो. "मुका" म्हणजे जळलेला असं लगेच धरू नका, कारण तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या बाजूचं बटण खरखरतंय. ती मागची बटणं म्हणजे आत तारेचं वेटोळं आणि त्यावर सरकणारा पत्रा, वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिथे गंज चढतो आणि सिग्नल पुढे जातच नाही. जुन्या स्पीकरमधले कितीतरी ट्विटर ह्याच कारणाने मेलेले समजून बदलले जातात. ट्विटरची एक वायर सोडवा आणि थेट त्याच्या टोकांवर ओहम बघा. पाच-सहा दिसले तर तो जिवंत आहे, काटा हललाच नाही तर कॉइल तुटलीय.

आता कपॅसिटर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये बहुतेक वेळा बिनध्रुवी इलेक्ट्रोलिटिक असतात, ते म्हातारे होतात. एक पाय सोडवून मोजा, जागेवर ठेवून मोजलेलं खरं धरू नका. ट्विटरच्या ओळीतला 8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समजा 10.5 दाखवतोय तर त्याचा अर्थ ट्विटरला खालचे सूर ठरवलेल्यापेक्षा जास्त जातायत, म्हणजे आवाज कर्कश होतो आणि ट्विटरवर ताणही येतो. बदलायचे असतील तर जेवढी किंमत छापलीय तेवढीच घ्या, डाव्या-उजव्याची जोडी जुळवून घ्या, व्होल्टेज मूळपेक्षा कमी नको, आणि पॉवर सप्लायमध्ये असतात तसले प्लस-मायनसवाले तर अजिबात नकोत.

"भारीतले" बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ट्विटर आणि मिडच्या ओळीत फिल्म कपॅसिटर लावा, ते टिकतात. पण वूफरच्या फांदीत मोठा असेल, 50-60 मायक्रोफॅरडचा, तर तिथे नवा बिनध्रुवी इलेक्ट्रोलिटिक पुरतो. आणि लक्षात ठेवा, फिल्मचा अंगचा रेझिस्टन्स खूप कमी असतो, म्हणून ते लावल्यावर ट्विटर किंचित उघडा वाटू शकतो, तसं झालं तर ओळीत अर्धा-एक ओहमचा रेझिस्टर टाकून बघा.

रंधा

भोक पाडू नका!! करवत खाली ठेवा आणि हे आधी वाचा.

बंद खोक्यातली हवा ही स्प्रिंग असते. एडगर विलचर ह्यांनी 1954 मध्ये अकूस्टिक रिसर्चचा एआर-1 काढला तेव्हा हीच कल्पना होती, वूफरची स्वतःची कड आणि स्पायडर (कॉइलला मध्यभागी धरणारी मागची नालीदार चकती) मुद्दाम सैल ठेवायचे आणि कोनला सावरायचं काम आतल्या हवेने करायचं. तुमचा वूफर त्या जातीचा असेल तर भोक पाडल्यावर त्याचा आधारच गेला. पोर्टवाल्या खोक्यात पोर्टच्या सुराच्या खाली कोनला धरणारं कोणी नसतं, तो नुसता हेलकावे खातो, आणि आवाजही त्याखाली ऑक्टेव्हला 24 डेसिबलने पडतो. बंद खोक्यात तो 12 नेच पडतो. तुम्ही ज्या खर्जाची आठवण सांगताय तो ह्या सावकाश उताराचाच आहे, तो स्वतःच्या हाताने घालवू नका.

नवीन वूफरबद्दल पण तेच. दहा इंच हे फक्त भोकाचं माप आहे. वूफर कसा वागणार ते थील-स्मॉल आकडे सांगतात. नेव्हिल थील ह्यांनी 1961 मध्ये पाया घातला आणि रिचर्ड स्मॉल ह्यांनी 1970च्या दशकात तो पुढे नेला. समजा दोन वूफर आहेत, दोघांचा Vas (वूफरच्या कडेइतकीच ताठ असलेली हवा) 90 लिटर आणि मोकळा अनुनाद 30 हर्ट्झ, फक्त एकाचा Qts (अनुनाद किती आवरला जातो तो आकडा, मॅग्नेट जोरदार तर सहसा कमी) 0.4 आणि दुसऱ्याचा 0.3. तुमच्या 45 लिटरमध्ये बसवले की 90 भागिले 45 अधिक 1, त्याचं वर्गमूळ 1.73, ते Qts ला गुणा. पहिल्याचा Q येतो 0.69, म्हणजे जवळजवळ आदर्श. दुसऱ्याचा 0.52. खोक्यातला अनुनाद दोघांचा 52 हर्ट्झच, पण तिथे पहिला सुमारे 3 डेसिबल खाली असेल आणि दुसरा 5.7. म्हणजे मोठ्या मॅग्नेटचा, जास्त "दमदार" दिसणारा वूफर बसवून बास कमी झाला. शिवाय क्रॉसओव्हर जुन्या वूफरच्या इम्पिडन्सवर बेतलेला, नव्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेला किती मोठा आवाज) वेगळी, मग मिडशी मेळ बसत नाही. मी सुरुवातीला तीन जोड्यांचे वूफर असे बदलले, दिसायला सुरेख झाले आणि एकही परत ऐकावासा वाटला नाही.

खोक्याचं करायचं काम म्हणजे ते हवाबंद आहे का बघणं. सगळं बसवून झाल्यावर वूफर हळूच आत दाबा आणि सोडा, तो सावकाश परत यायला हवा, पटकन आला तर कुठूनतरी हवा जातेय, बहुतेक वेळा मागच्या टर्मिनलच्या कडेने किंवा वाळून गेलेल्या गॅस्केटमधून. आतला कापूस किंवा काचतंतू टाकून देऊ नका, तो हिशोबात धरलेला असतो. काचतंतू असेल तर हातमोजे आणि मास्क घाला.

खर्जप्रेमी

भोक रद्द, नवीन वूफर पण रद्द! रंधा, तुमचा हिशोब वहीत तीनदा करून बघितला, आत्ता कुठे डोक्यात शिरलं की खोकं पण वाद्याचाच भाग आहे, तानपुऱ्याच्या भोपळ्यासारखं.

आणि मोजमाप, तुमचं खरं निघालं. डावा ट्विटर थेट मोजला, 5.3 ओहम! जिवंत आहे!! बटण उघडलं तर आत हिरवी बुरशी असावी तसा गंज. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि पुढेमागे फिरवून फिरवून आवाज आला पण मध्येच जातो. कपॅसिटर मोजले, 8 चे दोन्ही 9.8 आणि 10.6, मोठा 60 वाला एकीकडे 63 दुसरीकडे 71. एक प्रश्न, मिडच्या वायरी उलट्या लागल्यात असं दिसतंय, दोन्ही खोक्यांत. कोणीतरी आधी चुकीचं जोडलंय का? सरळ करू?

मोजमाप

नको, नको. दोन्हीत सारखंच उलटं आहे म्हणजे मुद्दाम केलेलं असण्याची शक्यता जास्त. सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये जिथे दोन ड्रायव्हर एकमेकांना भेटतात तिथे त्यांचे सिग्नल 180 अंशांनी उलटे असतात, एकाची वायर उलटी केली नाही तर त्या सुरांवर खड्डा पडतो. बरेच जण "चूक सुधारली" म्हणून सरळ करतात आणि गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा का झाला ते शोधत बसतात. आहे तसं राहू द्या.

बटणाचं, गंज खोल असेल तर नवीन एल-पॅड (ड्रायव्हरचा आवाज कमीजास्त करायचं तयार बटण) घाला, पण जुनं बटण कसं जोडलंय ते आधी कागदावर काढा, सगळ्या जुन्या बटणांची रचना एल-पॅडसारखी नसते.

जुनी_तार

मोजमाप, 60 वाल्याला इलेक्ट्रोलिटिक पुरतो हे मला अजून पटत नाही, आज तो परत 10-15 वर्षांत मोजायला लागणार. जागा असेल तर मी तिथेही फिल्मच लावेन, दोनतीन समांतर जोडून. पण ऐकायला फरक पडतो असा माझा दावा नाही.

खर्जप्रेमी

तीन आठवड्यांनी लिहितेय. डावा वूफर पहिल्या फटक्यात जमला. उजवा मात्र सुरावर ठेवून चिकटवला तेव्हा गप्प होता, वाळल्यावर मोठ्या आवाजाला बारीक खस्स असं येतंय, फक्त कोन खूप आत जातो तेव्हा. ग्लू वाळताना फोम ओढला गेला असेल का? परत सोलायचा?

जुनी_तार

हो, सोला. हळू आवाजात गप्प पण मोठ्याला घासतं म्हणजे कॉइल किंचित तिरकी बसलीय. फक्त फ्रेमकडची बाजू अल्कोहोलने सोडवा, कोनकडची नको. ह्यावेळी डस्ट कॅप (कोनच्या मधली गोल टोपी) धारदार पात्याने कडेने कापून उचला आणि कॉइल नि मधल्या खांबाच्या फटीत पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या सगळीकडून सारख्या सरकवा, मग कॉइलला हलायला जागाच नाही. वाळल्यावर पट्ट्या काढा, फटीत कचरा पडला असेल तर चिकटपट्टीने उचला, आणि तपासून मगच कॅप चिकटवा. सुराची पद्धत सोपी आहे पण घासणाऱ्या वूफरला पट्ट्याच.

रंधा

आणि खोक्याच्या व्हिनियरला जवसाचं तेल लावणार असाल तर एक फार महत्त्वाचं, तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकं उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खर्जप्रेमी

पट्ट्यांनी जमलं! दोन्ही वूफर गप्प. फडकी बाहेर पसरून वाळवली. कपॅसिटर झाले (60 ला इलेक्ट्रोलिटिकच, खोक्यात जागा नव्हती), एल-पॅड नवीन, वूफर दाबला की सावकाश परत येतोय. काल माईक लावून आरईडब्ल्यू ह्या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजलं, सगळीकडे जोडी जुळते, फक्त 80 हर्ट्झच्या आसपास उजवा डाव्यापेक्षा 3 डेसिबल वर आहे. मीच सोललेला तो वूफर आहे म्हणून जीव खालीवर होतोय.

मोजमाप

माईक ऐकायच्या जागेवर होता का? मग खोलीही मोजली गेलीय. माईक वूफरच्या कोनपासून अगदी एक सेंटिमीटरवर ठेवून दोन्ही परत मोजा, आवाज कमी ठेवून. तिथे जुळले तर स्पीकर आपापसात बदलून बघा, फुगवटा स्पीकरबरोबर जातो की जागेवरच राहतो.

खर्जप्रेमी

जवळून दोन्ही रेषा एकमेकींवर बसतायत, अर्ध्या डेसिबलच्या आत. स्पीकर बदलले तर फुगवटा उजवीकडेच राहिला, उजवा कोपऱ्याला चिकटून होता. दोन फूट पुढे ओढलाय. मामा उद्या येतोय, तानपुऱ्याची तीच जुनी टेप घेऊन.