मार्शल बेटांवरील चर्चच्या शाळेत एक वर्ष शिकवण्यास जावे का?

प्रश्न : मिरजेची शिक्षिका

सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

मी मिरजेची आहे. वय २४. शिवाजी विद्यापीठातून गणित विषयात बी.एस्सी. आणि नंतर बी.एड. केले असून गेली दोन वर्षे सांगलीतील एका विनाअनुदानित शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते आहे. आमच्या मंडळीमार्फत मला पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांची राजधानी मजुरो येथून बोलावणे आले आहे. तेथे चर्चने चालवलेल्या एका शाळेत सहावीच्या वर्गाला ऑगस्ट ते मे असे एक शैक्षणिक वर्ष शिकवायचे आहे. जाण्यायेण्याचे तिकीट, शाळेच्या आवारात एक खोली आणि दरमहा २५० डॉलर हातखर्च मिळेल. पगार असा नाही, कारण हे काम सेवा म्हणूनच करायचे आहे.

घरात दोन मते आहेत. पप्पांचे म्हणणे असे की, परदेशातून आलेले मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले तेव्हा त्यांच्याही घरी कोणीतरी “एवढ्या लांब कशाला” असे विचारलेच असेल. आईचे म्हणणे असे की, मी तिकडे असताना इकडे शिक्षक भरती निघाली तर काय करायचे, आणि एकट्या मुलीने समुद्राच्या मध्यावर वर्षभर राहायचे म्हणजे काय. माझी स्वतःची शंका या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. ज्या मुलांची भाषा मला येत नाही, त्यांच्यासमोर मी एकच वर्ष उभी राहून त्यांना खरोखर काही देऊ शकेन का, की अनुभव माझ्या पदरात पडेल आणि वर्ष त्यांचे खर्ची पडेल? ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

बाळ, आईच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरील निवड अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते आणि परदेशातील सेवेला त्यात एकही गुण नाही. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली, म्हणजे तिचा काही नेम नाही. तू गेलीस आणि नेमकी तेव्हाच ती निघाली, तर संधी हुकेल, हे मान्य करूनच निर्णय घ्यावा. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र जमल्यास जाण्यापूर्वी उत्तीर्ण होऊन ठेव, कारण २०२१ पासून त्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. शिवाय निवड झाली तरी आधी तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात आणि माध्यमिकला त्याचे मानधन २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये आहे. पैशाच्या हिशेबाने तू फार मोठे काही सोडून चालली आहेस, असे नाही.

आता तुझ्या स्वतःच्या शंकेकडे येतो. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरात काम सुरू केले आणि ज्याच्या मराठी मिशनने पुढे साताऱ्यातही शाळा चालवल्या, त्याच बोर्डाची माणसे १८५७ मध्ये मार्शल बेटांपैकी एबॉन येथे उतरली. तेव्हा ही मुले तुला परकी वाटली तरी नाते जुने आहे. परंतु आपल्याकडे आलेल्या मिशनरींना पंडित लावून मराठी शिकावी लागे, तिची परीक्षा द्यावी लागे आणि त्यानंतरच स्वतंत्र काम हाती येई. पहिले वर्ष बहुतेक भाषेतच जाई. तुझ्याकडे एकूणच एक वर्ष आहे.

मी ज्या शाळेत होतो, तेथे परदेशी तरुण सहा-सहा महिन्यांसाठी येत. मुले त्यांच्यावर जीव लावत, निरोपाच्या दिवशी रडत आणि पुढच्या सोमवारी नव्या पाहुण्याला तेच स्वागतगीत म्हणून दाखवत. छायाचित्रे भरपूर निघाली. इंग्रजीचे निकाल होते तेथेच राहिले. त्या मुलांना आम्हीच पाहुण्यांची सवय लावली, हे मला फार उशिरा कळले. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दोन वर्षांची बोली करून घे आणि ती मिळत नसेल तर जाऊ नकोस.

उत्तर २ : कृष्णाकाठ, सांगली

ताई, मी मजुरो येथेच दोन वर्षे शिकवून परत आले आहे. शाळा तुमचीच की दुसरी, हे येथे लिहीत नाही. सरांचे बरेचसे पटते, पण शेवटचे वाक्य पटत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगते.

पहिल्या दिवशी मी अपूर्णांकांचे एक उदाहरण फळ्यावर सोडवले आणि “समजले का?” असे इंग्रजीत विचारले. सव्वीस मुलांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या. पुन्हा विचारले, पुन्हा भुवया वर. मला वाटले, नवी बाई पाहून ही मंडळी थट्टा करत आहेत, आणि मी आपल्या सांगलीच्या आवाजात सर्वांना उभे केले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातील स्थानिक शिक्षिकेने हसत हसत सांगितले की, येथे भुवया वर करणे म्हणजे “हो”. त्याउलट मी आपल्या सवयीने मान डोलावून “बरोबर” म्हणत असे, तेव्हा मुलांना ते “नाही” वाटे आणि बरोबर आलेले उत्तर ती खोडून टाकत. माझा पहिला आठवडा असा गेला.

त्याच आठवड्यात पुढच्या बाकावरील एका मुलाने अगदी सहज विचारले, “तुम्ही मे महिन्यात जाणार ना?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, शाळा सुटण्याची वेळ विचारावी तसे ते होते. नंतर वह्या तपासताना उलगडा झाला. या वर्गाने तीन वर्षांत तीन शिक्षिका पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीने ऑगस्टमध्ये नव्या उमेदीने मूलभूत गोष्टींपासून सुरुवात केल्यामुळे मुले अपूर्णांकांची बेरीज तीनदा शिकली होती आणि दशांश अपूर्णांक एकदाही नाही. दुकानात डॉलर-सेंटचा हिशेब तोंडी करणारी मुले वहीत १.२५ लिहिताना अडखळत. आधीच्या तिघी मनापासून शिकवणाऱ्या होत्या, पण त्यांच्यापैकी कोणीही पुढचीसाठी एक चिठ्ठीसुद्धा ठेवली नव्हती.

म्हणून मी एका दोनशे पानी वहीत प्रत्येक मुलासाठी दोन पाने ठेवली. काय येते, कोठे अडते, घरी इंग्रजी कोण बोलते, कोणाला चष्मा हवा आहे, कोण गाण्यातून पटकन शिकते, हे सर्व त्यात लिहीत गेले. गाण्याचे मुद्दाम सांगते, कारण ही मुले चर्चमध्ये लहानपणापासून वेगवेगळ्या सुरांत एकत्र गातात. मी त्यांना आपल्यासारखे तालात पाढे म्हणायला लावले, तर चौथ्या दिवशी मागच्या बाकांनी त्याला खालचा सूर लावला होता. मी एका वर्षासाठी गेले होते आणि दोन वर्षे राहिले. दुसरे वर्ष निश्चितच चांगले गेले. तरीही येताना माझ्यामागून आलेल्या मुलीच्या हाती ती वही दिली आणि तिने दशांशांपासून सुरुवात केली, याचे समाधान मला त्या जादा वर्षापेक्षा मोठे वाटते. सर, एक वर्ष कमी आहेच. पण चार जणींची चार वर्षे एकमेकींना जोडली, तर मुलांच्या वाट्याला चार वर्षे येतात.

जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट जाणून घ्या. १ मार्चला तेथे सुटी असते. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने याच देशातील बिकिनी आणि एनिवेटॉक येथे ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांतील सर्वांत मोठी १ मार्च १९५४ रोजी झाली आणि तिची राख रोंगेलॅप बेटांवरील वस्तीवर पडली. मी वर्गात सुटीचे कारण विचारले, तेव्हा एका मुलीने सांगितले की तिची आजी रोंगेलॅपची. त्यानंतर काय बोलावे, ते मला सुचले नाही. तुम्ही वाचून जा.

सुरक्षिततेबाबत मला स्वतःला कधी भीती वाटली नाही. गाव लहान आणि प्रत्येकाला प्रत्येकजण ठाऊक. गुडघ्याखाली येईल असा पोशाख तेथे सभ्य मानतात, तेव्हा पंजाबी ड्रेस उत्तम. जेवणात भात असतोच. भाजी मात्र जहाजाने येते आणि महाग असते. पिण्यासाठी पावसाचे पाणी टाक्यांत साठवतात आणि पाऊस लांबला की ते मोजून वापरावे लागते. चहूकडे समुद्र आणि पाण्याचा हिशेब मात्र आपल्या दुष्काळी जतसारखा!

उत्तर ३ : विट्याचा प्रवासी

कागदपत्रांपुरते लिहितो. भारत आणि मार्शल बेटे हे दोन्ही देश अपोस्टिल करारात, म्हणजे एकमेकांची कागदपत्रे एका शिक्क्यावर मान्य करण्याच्या करारात, आहेत. त्यामुळे पदवीचे प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून साक्षांकित करून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल घेतले की पुरते. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्टच्या संकेतस्थळावरून मागवावा. खरी अडचण प्रवासाची आहे. विमान होनोलुलू किंवा ग्वाममार्गे असेल, तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीय नागरिकाला अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो आणि त्यासाठी मुंबईला मुलाखत द्यावी लागते. ती तारीख मिळण्यास किती दिवस लागतील, हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून शाळेचे पत्र हाती पडताच अर्ज करावा. घड्याळ साडेसहा तास पुढे आहे. मिरजेत सकाळचे सहा वाजतात, तेव्हा तिकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात.

उत्तर ४ : गावभाग

एक कडू प्रश्न विचारतो. २५० डॉलरमध्ये परदेशातून शिक्षिका मिळते, म्हणून स्थानिक शिक्षकाला पूर्ण पगार द्यावा लागत नाही, असे तर नाही ना? आपल्याकडे तासिका तत्त्वाने हेच झाले आहे.

उत्तर ५ : कृष्णाकाठ, सांगली

प्रश्न योग्य आहे आणि काही अंशी खराही आहे. पण तेथे माणसेच कमी होत आहेत, हेही लक्षात घ्यावे. अमेरिकेशी असलेल्या करारामुळे मार्शलच्या नागरिकांना व्हिसाशिवाय तिकडे राहता व काम करता येते, त्यामुळे शिकलेली कुटुंबे निघून जातात. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५३ हजार लोकसंख्या होती, ती २०२१ मध्ये सुमारे ४२ हजारांवर आली. माझ्या वर्गातील दोन मुले नाताळच्या सुटीत अमेरिकेला गेली, ती परत आलीच नाहीत. तरीसुद्धा ताईंनी शाळेला हे जरूर विचारावे की, या वर्गासाठी स्थानिक शिक्षक शोधला होता का, आणि माझ्यासोबत एखादी स्थानिक साहाय्यक असेल का.

मिरजेची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. मी शाळेला पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या : मागील शिक्षिकेची काही नोंद आहे का, वर्गात स्थानिक साहाय्यक असेल का, आणि काम जमले तर दुसरे वर्ष राहता येईल का. मुख्याध्यापकांचे उत्तर काल आले. मागील शिक्षिका फेब्रुवारीतच घरी परतल्या आणि तेव्हापासून पाचवी व सहावी एकत्र बसवली आहे. नोंद अशी काही नाही, पण त्यांचा पत्ता मुख्याध्यापकांनी दिला आणि मी रात्रीच त्यांना लिहिले. साहाय्यक म्हणून चर्चमधील एक बाई सकाळच्या दोन तासांना येतील. दुसऱ्या वर्षाबद्दल त्यांनी “नाताळनंतर बोलू” असे लिहिले आहे. सर, आपण सांगितलेली दोन वर्षांची बोली कागदावर मिळाली नाही, तरी मी होकार कळवला आहे. टीईटीचा अर्ज निघाला की भरणार आहे.

आई अजून पूर्ण राजी नाही, पण तिने आज कृष्णाकाठताईंसाठी एक प्रश्न दिला आहे : सांगलीची हळद आणि घरचा कांदा-लसूण मसाला तिकडे नेऊ देतात का?

उत्तर ६ : कृष्णाकाठ, सांगली

मी दोन्ही नेले होते. दळलेले आणि नीट सीलबंद केलेले असावे, पाकिटावर इंग्रजीत नाव लिहावे आणि उतरल्यावर फॉर्मवर खाद्यपदार्थ असल्याचे नमूद करावे. बियाणे, हळकुंडे आणि कढीपत्त्याची पाने मात्र नेऊ नका. आईंना सांगा, मसाला दुप्पट द्या; पहिल्या महिन्यातच शेजारच्या खोल्यांतून वाट्या येऊ लागतात.