बाईकवर वारा गार लागतो, मग कॉनकॉर्ड का तापायचं?

बुलेटवाला_सातारा
काल रात्री कासवरून खाली येताना साठच्या स्पीडला बोटं इतकी गारठली की क्लच दाबवेना. घरी येऊन यूट्यूब लावलं तर म्हणे कॉनकॉर्डचं, म्हणजे त्या आवाजापेक्षा जोरात उडणाऱ्या जुन्या प्रवासी विमानाचं, नाक १२७ डिग्रीपर्यंत तापायचं, बाहेर उणे ५५-६० असताना! जोरात गेलं की गार होतं का गरम, एक काय ते ठरवा राव. आणि घर्षण सांगू नका, हवा मलाही घासतेच की.

टर्बोतात्या
दोन्ही होतं रे, एकाच वेळी. अंगालगत हवेचा एक थर असतो, वेग वाढला की तो पातळ होतो आणि उष्णता भराभर इकडून तिकडे जाते. पण कुठून कुठे ते वेग ठरवत नाही, जिकडे गरम तिकडून गारकडे. आता समोरची हवा तुझ्यावर आपटून थांबते तेव्हा दाबली जाऊन तापते. किती, तर मीटर पर सेकंदमधल्या वेगाचा वर्ग भागिले २०००, ढोबळ हां. तुझे साठ म्हणजे १७, डिग्रीचा सातवा हिस्सापण नाही, म्हणून तू गारठलास. कॉनकॉर्ड ६०० ने जायचं, १८० डिग्री वाढ, उणे ५७ मधून वर ये बघू.

बुलेटवाला_सातारा
१२३! आयला. म्हणजे घर्षण नाहीच?

टर्बोतात्या
आहे की, बाजूच्या पत्र्यावर ते काम करतंच. नाकाच्या टोकावर मात्र मुख्यतः दाब. तापून अख्खं विमान वीसेक सेंटीमीटर लांब व्हायचं, कॉकपिटमधे फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी फट पडायची आणि लँडिंगपर्यंत मिटायची.

खिडकीसीट
मग अंतराळातून येणारी कॅप्सूल टोकदार का नाही करत? बूड पुढे करून येते ती.

टर्बोतात्या
मुद्दाम. बोथट बूड असलं की शॉकवेव्ह, म्हणजे दाबलेल्या हवेची भिंत, अंगापासून लांब उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवाच बाजूने घेऊन जाते, सुई असती तर टोकच वितळलं असतं. १९५०च्या सुमारास अमेरिकेत हार्वी ॲलन या इंजिनिअरनी हे मांडलं, तोवर सगळे टोकदारच काढत होते. इस्रोनेही २०१४ला केअर मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांच्या कॅप्सूलचा रिकामा चाचणी नमुना, तसंच बंगालच्या उपसागरात उतरवलं. वरचं सूत्र तिथे लावू नका, कक्षेतून येणाऱ्या कॅप्सूलच्या सेकंदाला ७.८ किमीला ३०,००० डिग्री येतील. तिथे हवेचे रेणूच तुटतात, त्यात बरीच ऊर्जा खर्ची पडते.

बुलेटवाला_सातारा
ठीके. ग्लोव्ह्ज कुठले घेऊ ते सांगा आता.