राजगडावर कांदा कापायला किती चाकू लागतात?

बिनधार
परवा 'फौलादी' यांनी लिहिलंय की सह्याद्रीत फिरणाऱ्याकडे कमीत कमी चार पाती हवीतच. खिशात लॉकवाला फोल्डिंग, कमरेला फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं) फिक्स्ड ब्लेड म्हणजे न मिटणारा चाकू, सॅकमध्ये पक्कडवालं मल्टीटूल आणि वाट काढायला मशेटी, म्हणजे लांब पात्याचा कोयता. सगळं मिळून २६ हजार, वर "स्वस्तातलं घेऊन जिवाशी खेळू नका" असा दम. डोकंच फिरलं, तिथे प्रतिसादात मावलं नसतं म्हणून हा वेगळा धागा. २१ वर्षं फिरतोय, चाकूने काय काय केलं सांगतो: कांदा, काकडी, लिंबू, सुतळी, मॅगीची पाकिटं आणि एकदा मित्राच्या बुटाचा सोल सुटला तेव्हा बांधायला ओढणीची पट्टी (ओढणी बायकोची, तो विषय वेगळा). संपली यादी. याला लाल स्विस चाकू पुरतो, मिटल्यावर ९१ मिलिमीटरचा, त्यातही सगळ्यात जास्त चालते ती कात्री. घरी एक सुरी. झाला सेट. आणि मशेटीने वाट कसली काढता, शनिवारी तुमच्या पुढे दोनशे माणसं असतात, वाट त्यांनीच काढलेली असते.

फौलादी
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. त्या स्विसला लॉक नाही हे सोयीस्कर विसरलात. माझ्या भावाच्या बोटावर मिटला तो, तीन टाके. १८९७ ला ऑफिसर लोकांसाठी जो काढला त्यात बूच काढायचा स्क्रू होता, यावरून ओळखा कशासाठी आहे ते. आता माझा अनुभव. रॅपलिंगला (दोरावरून कडा उतरताना) एका पोराचा टीशर्ट डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर आवरणाऱ्या कडीत, ओढला गेला, कड्यावर मधेच लटकला. एक हात ब्रेकच्या दोरावर, तो सोडता येत नाही. अशा वेळी नखाने उघडायचा चाकू दाताने उघडणार का? एका हाताने उघडतो तोच खरा चाकू.

बिनधार
आणि वजनाखाली ताणलेल्या दोराशेजारी उघडं पातं नाचवणार? ताण असलेल्या दोराला पातं नुसतं टेकलं तरी दोर जातो. आमचे सर चाकू काढलेला दिसला की शिव्या घालायचे. वरून दुसरा दोर देऊन आधी वजन काढतात.

फौलादी
तसंच केलं शेवटी. पण टीशर्ट कापायला चाकूच लागला ना. ओढणी नाही लागली.

लाकडी_मूठ
भांडा तुम्ही. मी फ्रान्सचा ओपिनेल घेतला, आठ नंबर, साडेआठ सेंटिमीटर पातं, गळ्यात फिरणारी लॉकची रिंग, दिसायला असा की आजोबांनी ठेवून दिलेला वाटावा. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर नेला, दोन दिवस पावसात लाकूड फुगलं आणि पातं उघडेचना. दगडावर आपटून झालं, दोघांनी ओढून झालं, मग कांदा बुक्कीने फोडला. चव चांगली लागते बुक्कीची.

गवार_निवडते
मला एक सांगा, हे चार-चार चाकूवाले ग्रुपमध्ये असतात तेव्हा कांदे कोण कापतं? मागच्या ट्रेकला तिघांकडे मिळून पाच चाकू होते, एकमेकांना दाखवून झाले, अंगठ्याच्या नखावर धार बघून झाली, आणि अडीच किलो कांदे मी आणि माझ्या जावेने कापले, ते पण एका चाकूने, कारण बाकीच्यांना "कांद्याचा वास लागेल". घरी विळीवर बसले की अर्धा किलो कांदा पाच मिनिटात होतो. पातं स्थिर, दोन्ही हात कांद्यावर. यापेक्षा व्हर्सटाईल काय असतं? पुढे खोवणी, नारळ पण होतो.

फौलादी
ताई, विळी ट्रेकला नेणार? :)

गवार_निवडते
घडीची मिळते. पाट मिटतो. बघितली नसेल, स्वयंपाकघरात गेलात तर दिसेल.

आदाळो
आमच्याकडे आदाळो म्हणतत. आये त्यावर सुरमय करते, काटा सुद्धा जातो, हे फुल टँगवाले करून दाखवा. आणि बंगाल्यांची बोंटी म्हणजे तीच, ते लोक तर अख्खा रोहू करतात त्यावर.

लाकडी_मूठ
विळीने माझ्या आजीचं गुडघ्याखाली इतकं कापलंय की विचारू नका. मांजर आडवं आलं. विळी आडवी न करता उठायचं नाही हे घराघरात ओरडून सांगतात ते उगाच नाही.

गवार_निवडते
मांजराला लॉक बसवा मग. आणि जमिनीवर बसवत नाही असं सांगा ना सरळ. तिशीतली मुलं, मांडी घालता येत नाही, निघाले सर्व्हायव्हल करायला.

फौलादी
हे वैयक्तिक होतंय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या.

गवार_निवडते
बरं, तुम्हाला सूट. पण कांदे कापलेच पाहिजेत, खुर्चीत बसून कापा.

स्वच्छ_गड
मॅगीची पाकिटं कापली, टाकली कुठे? यावर कोणी बोलणार नाही. गडावर चूलच पेटवू नये, घरून दशम्या न्याव्यात, चाकूचा प्रश्नच मिटतो.

चालतं_बोलतं_कलम
मशेटीवाल्यांसाठी. शस्त्र कायद्याच्या नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पातं शस्त्रात येतं, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. पण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागलेला असला की चाकू बाळगण्यावरच बंदी येते, मग इंच मोजत बसा. अजून मजा म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू हा शब्द सरळ लिहिलाय, आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायचं नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. लाकडी_मूठ, तुमचा उघडला नाही तेच बरं.

लाकडी_मूठ
म्हणजे बुक्की कायदेशीर होती.

आदाळो
पुण्यात बोहरी आळीत नारळ सोलायला कोयता घ्यायला गेलेलो, दुकानदार म्हणाला आधार कार्डाची झेरॉक्स द्या. त्या कोयता गँगच्या बातम्यांमुळे. गावाला लोहार गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचा करून देतो, पाणी (तापवून विझवून कडकपणा) असं पाजतो की बापाचा कोयता अजून मी वापरतोय, आणि इथे मी गुंड.

फौलादी
ठीक आहे, मशेटी मागे घेतो. अभयारण्याचं माहीत नव्हतं. पण फिक्स्ड ब्लेडवर ठाम आहे, स्वीडनचा मोरा बघा, साधं प्लॅस्टिकचं म्यान, मिटायची भानगडच नाही, चिखल गेला तर धुतला की झालं. फक्त कार्बन स्टीलवाला नको, पावसात दुसऱ्या दिवशी तांबूस पडतो, स्टेनलेसच घ्या.

बिनधार
मोरा तर स्वस्तातला! "जिवाशी खेळू नका" कुठे गेलं? असो, एक मिटणारा आणि एक म्यानातला, दोन झाले. दोन मान्य. आणि धारेचं कोणीच बोललं नाही. २६ हजाराच्या सेटमधला बोथट चाकू टोमॅटोवर घसरून बोटात जातो, चाळीस रुपयेवाला परजलेला जात नाही. चिनी मातीची बरणी उलटी करा, बुडाच्या खरखरीत कडेवर दहा वेळा ओढा.

गवार_निवडते
बरणी लोणच्याची आहे, हात लावायचा नाही. धारवाला येतो सायकलवर, त्याला द्या.

फौलादी
सायकलवाल्याच्या चाकावर पातं तापून पाणी उतरतं. हजार ग्रिटचा (बारीक दाण्याचा) धारेचा दगड घ्या.

आदाळो
दगडाला आधार कार्ड लागता काय?

गवार_निवडते
पुढच्या रविवारी राजगड. फौलादी, तीन किलो कांदे आणते.