मदत हवी आहे: एअर रायफलच्या रेग्युलेटरचं प्रेशर रात्रभरात चढतंय

नमस्कार मंडळी, १० मीटरची ४.५ मिमी पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल आहे, २०० बारचा सिलिंडर आणि त्याचं प्रेशर कमी करून ठराविक ठेवणारा रेग्युलेटर. रात्रभर तशीच ठेवली की सकाळचा पहिला पेलेट क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १८४ मीटर प्रति सेकंद आणि मग दोन-तीन शॉटनंतर १७२ वर येऊन एकदम स्थिर.

सिलिंडर काढून, आतली हवा पूर्ण संपवून मगच रेग्युलेटर खोलला, स्प्रिंगचं काम करणाऱ्या वॉशरच्या चळतीचा फोटो आधी काढून ठेवलाय, कुठला उलटा कुठला सुलटा ते चुकलं तर सगळं सेटिंगच बदलतं. ओ-रिंगा सगळ्या नव्या टाकल्या, सिलिकॉन ग्रीस अगदी बोट फिरवण्यापुरतं, साधं तेल अजिबात नाही. साबणाचं पाणी लावून पाहिलं, व्हेंटच्या भोकातून एकही बुडबुडा नाही. म्हणजे संशय सीटवरच (पिस्टनची कडा जिच्यावर टेकून हवा बंद होते ती), भिंगाखाली प्लास्टिकच्या सीटवर गोल खाच पडलेली दिसते आणि एका जागी केसाएवढा ओरखडा त्या खाचेला आडवा गेलाय. पिस्टनची कडा मला तरी साफ वाटते.

नवीन सीट मिळायला वेळ लागेल आणि स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे. लेथवाला ओळखीचा आहे, डेलरिनचा (कडक प्लास्टिकचा) रॉडही मिळेल.

तर हीच सीट काचेवर २००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासली तर चालेल का, की सरळ नवीन टर्न करून घेऊ? आणि घासून जाडी थोडी कमी झाली तर आउटपुट प्रेशर किती हलतं, कोणी स्वतः मोजलंय का?