‘इमिग्रेशन’ला मराठीत काय म्हणावं?

हर्णैकर
गावच्या वाचनालयासाठी चार पानी पत्रक लिहितोय. आखातात नोकरीला जाणाऱ्या पोरांना येण्याजाण्याचे कायदे कसे बदलत गेले आणि आज काय लागतं ते सोप्या मराठीत सांगायचंय. ‘इमिग्रेशन’पाशी गाडं अडलंय. सरकारी कागदावर ‘आप्रवासन’, वर्तमानपत्रात ‘स्थलांतर’, आणि कुवेतहून आलेला शेजारी म्हणतो ‘इमिग्रेशनलाच दोन तास गेले’. काय वापरू?

मिरकरवाडा
‘स्थलांतर’ नको. त्यात दिशा नाही. थंडीत येणारे कुरव पक्षी स्थलांतर करतात, ऊसतोड कामगार करतात, धरणात गेलेलं गावही स्थलांतरित होतं. ‘आप्रवास’ म्हणजे इकडे येऊन राहणं, ‘उत्प्रवास’ म्हणजे इथून बाहेर जाणं. कोण कुठून कुठे चाललाय ते शब्दातच कळतं.

बांदेकरीण
व्युत्पत्ती बरोबर हो, पण वाचणारा कोण? मराठीत प्रवास म्हणजे एसटीत बसून जाणं. घर सोडून परमुलखात राहणं हा संस्कृतातला अर्थ हिंदीने सांभाळला, आपण सोडला. ९ जानेवारीला ‘प्रवासी भारतीय दिवस’ असतो हे ऐकून माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं, त्या दिवशी तिकिटात सवलत मिळते का! शिवाय घाईत ‘आप्रवास’चा ‘अप्रवास’ होतो, म्हणजे कुठे न जाणं.

निवृत्त कारकून
हर्णैकर, शब्दाआधी कायदा बघा. आपल्याकडे येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे कायदे ब्रिटिश काळापासून वेगळे आहेत. बोलताना मात्र आपण दोन्हीला इमिग्रेशन म्हणतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

आधी येणाऱ्यांचं. १९२० साली भारतात शिरायला पासपोर्ट हवा असा कायदा झाला. महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, परकीयांच्या नोंदणीचा आला. १९४६ मध्ये परकीय नागरिकांचा कायदा. त्यात ‘मी परकीय नाही’ हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसाच्याच डोक्यावर. २००० साली कागदपत्रं नसलेला प्रवासी आणणाऱ्या विमान आणि जहाज कंपन्यांना दंड लावणारा कायदा झाला. या चौघांपैकी नावात ‘इमिग्रेशन’ आहे ते फक्त शेवटच्याच्या. १ सप्टेंबर २०२५ पासून चारही रद्द होऊन एकच नवा कायदा लागू झाला आणि हा शब्द थेट शीर्षकात पहिल्या जागी बसला. विनापासपोर्ट शिरणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिद्ध करायचं ओझं होतं तिथंच आहे. मला विचाराल तर चार कायदे एक झाले यापेक्षा हे न बदललेलं कलम जास्त महत्त्वाचं.

तुमच्या पोरांना लागतो तो दुसरा कायदा. गिरमिटाची, म्हणजे करारावर मजूर परमुलखात न्यायची, पद्धत मोडल्यावर १९२२ साली उत्प्रवासाचा कायदा झाला. त्याच्या व्याख्येतला उत्प्रवास म्हणजे समुद्रमार्गे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर जाणं! पुढे आखाताची दारं उघडली, माणसं विमानाने जाऊ लागली, तरी तोच जुना कायदा १९८३ पर्यंत ओढला. त्या साली नवा आला आणि भरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची झाली. पासपोर्टवरचा ईसीआर, म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ हा शेरा, याच कायद्यातून येतो. दहावी न झालेला पोरगा नोकरीसाठी आखातात निघाला की त्याला आधी उत्प्रवासाची मंजुरी घ्यावी लागते. विमानतळावर त्याला अडवतात ते इमिग्रेशनच्या खिडकीवर, पण कायदा लागतो एमिग्रेशनचा, म्हणजे उत्प्रवासाचा.

मिरकरवाडा
मग आमच्या बंदरातल्या खलाशांचं काय? कितीतरी नेपाळी आहेत. आंब्याच्या बागा राखायलाही तेच. ते आप्रवासी का?

निवृत्त कारकून
कायद्याने परकीय, पण व्हिसा लागत नाही. १९५० च्या भारत-नेपाळ तहाने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायची, कामधंदा करायची मुभा आहे. सीमेवरून थेट येणाऱ्या नेपाळी माणसाला पासपोर्टचीही सक्ती नाही, आणि नव्या कायद्यानंतरही ती सवलत टिकली.

मिरकरवाडा
होडीचा तांडेल, म्हणजे प्रमुख, त्याला ‘नेपाळी’च म्हणतो. ‘परकीय’ म्हटलं तर आधी तो खलाशीच दचकेल.

बांदेकरीण
दचकेलच. ‘परकीय’ला सत्तेचा आणि आक्रमणाचा वास आहे, चलनाला लावला तर चालतो, माणसाला लावताना जीभ अडखळते. आमच्या घराजवळचं, गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी घ्या. डिसेंबर १९६१ पर्यंत तिथून पुढे पोर्तुगीज अंमल, म्हणजे परदेश. आमचो आजो सोयऱ्यांकडे जायचो तो ‘पेडण्याक जातंय’ म्हणान. ‘परदेशाक’ म्हटल्यान नाय कधी. १९५५ च्या सत्याग्रहात तिथे गोळ्या चालल्या, नाकेबंदी आली, तरीही त्याच्या बोलण्यात पेडणं पेडणंच राहिलं.

तेव्हा माझं मत असं: खिडकीला ‘इमिग्रेशन’च लिहा, कुणी अडणार नाही. कायद्याचं नाव सांगताना ‘आप्रवास’ आणि ‘उत्प्रवास’ एकेकदा अर्थासकट द्या. बाकी सगळीकडे ‘परदेशी नोकरीला जाणं’.

मिरकरवाडा
‘उत्प्रवास’ गाळू नका मात्र. मंजुरीच्या कागदावर तो किंवा त्याचं इंग्रजी रूप दिसणारच, तेव्हा पोरगा गांगरायला नको.

निवृत्त कारकून
सहमत. आणि पहिल्याच पानावर ठळक छापा: पैसे देण्याआधी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटची नोंदणी तपासा. ती चालू आहे का, हेही बघा.

हर्णैकर
छापतो. मथळा ‘परदेशी नोकरीला जाताना’. एक शेवटचं: ‘एजंट’ ठेवू की ‘दलाल’?

बांदेकरीण
एजंटच ठेवा. हर्णै बंदरात ‘दलाल’ म्हटलं की लोक मासळीच्या लिलावाकडे बघतील.