मदत हवी आहे : किडनी बदललेल्या रुग्णाला एनटीएम (टीबीच्या जंतूंच्या कुळातले, पण टीबी न करणारे जंतू), रिफाम्पिसिनला पर्याय काय?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझ्या अक्काची (वय 52) किडनी 4 वर्षांपूर्वी बदलली असून शरीराने ती नाकारू नये म्हणून अक्का टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन घेते. पावसाळ्यात लागलेला खोकला दिवाळी उलटली तरी थांबेना आणि वजन 7 किलोंनी उतरले, तेव्हा थुंकी तपासली. एएफबी (सूक्ष्मदर्शकाखाली टीबीसारखे दिसणारे जंतू) पॉझिटिव्ह आले आणि तेवढ्यावरच टीबीची चार औषधे सुरू झाली. त्याच थुंकीचा सीबीनॅट (टीबीचेच जंतू ओळखणारी तपासणी) निगेटिव्ह असल्याचा कागद फाइलमध्येच होता, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो कुणी उलटून पाहिला नाही; आम्हीही नाही. तोवर त्या चारांतल्या रिफाम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल 6.8 वरून 2.1 वर आली आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढते ते) 1.3 चे 1.9 झाले.

औषधे थांबवली. पुढे वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन थुंकींच्या कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्स (एनटीएमचाच एक प्रकार) निघाले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते.

छातीचे डॉक्टर अझिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल आणि रिफाम्पिसिन सांगतात, शिवाय पोकळी असल्याने सुरुवातीचे दोन-तीन महिने अमिकॅसिनची इंजेक्शने. किडनीचे डॉक्टर शेवटची दोन नावे ऐकताच नकारार्थी मान हलवतात, कारण एक टॅक्रोलिमस उतरवते आणि दुसरे थेट किडनीवर येते. दोघांचेही पटते, हीच अडचण. एक बेळगावात, दुसरे पुण्यात. मधला निरोप्या मी.

रिफाम्पिसिनऐवजी त्याच गटातले रिफाब्युटिन घेऊन कुणी किडनी सांभाळली आहे का, आणि त्या काळात टॅक्रोलिमसची लेव्हल किती दिवसांनी पाहावी लागली? जंतू क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमिकॅसिनला दाद देतात का, ही तपासणी बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेत खासगी रुग्णाला करून मिळते का? कल्चर निगेटिव्ह झाल्यावरही 12 महिने औषधे चालवायची असल्याने सुरुवात पुन्हा चुकवायची नाही.

हे जंतू पाण्यात-मातीत असतात आणि सहसा माणसाकडून माणसाला लागत नाहीत, हे सांगूनही अक्काने आपले ताट-तांब्या अजून वेगळेच ठेवले आहेत.

तोवर नुसते अझिथ्रोमायसिन सुरू करा, असे कृपया सुचवू नये. एकट्या औषधाने जंतू त्याला दाद देईनासे होतात, यावर मात्र दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे.