कंबोडियात काजू बी खरेदी करावी की प्रक्रिया कारखाना काढावा? जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यात आमचा मध्यम आकाराचा काजू प्रक्रिया कारखाना आहे. स्थानिक बी मेपर्यंत मिळते. त्यानंतर बॉयलर आणि बोरमा (गर वाळवण्याची भट्टी) चालू ठेवायचे तर आयव्हरी कोस्ट, बेनिन किंवा टांझानियाच्या मालावर विसंबावे लागते. तो माल आयातदाराकडून घेताना आउटटर्न, म्हणजे बीतून मिळणाऱ्या गराचा उतारा, कागदावर एक आणि बी फोडल्यावर दुसरा निघतो, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून थेट उत्पादक देशात उतरण्याचा विचार आम्ही भागीदार करत आहोत, आणि सगळ्या चर्चेअंती नाव कंबोडियाचे पुढे आले आहे.

कारण साधे आहे. काम्पोंग थोम, क्रातिए, रतनकिरी या प्रांतांत काजूची लागवड मोठी आहे, तिथल्या एम २३ जातीची बी टपोरी असते, आणि तरीही बहुतेक पीक कच्च्या बीच्या रूपातच सीमेपलीकडे व्हिएतनामच्या कारखान्यांत जाते. हे बदलावे म्हणून तिथल्या सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी राष्ट्रीय काजू धोरण आखले असून २०२७ पर्यंत किमान २५ टक्के पिकावर देशातच प्रक्रिया व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२१ च्या गुंतवणूक कायद्यानुसार पात्र प्रकल्पाला क्षेत्रानुसार ३ ते ९ वर्षे आयकरमाफी मिळते, बहुतेक व्यवसायांत कंपनीची १०० टक्के मालकी परदेशी माणसाकडे राहू शकते, आणि व्यवहार मोठ्या प्रमाणावर डॉलरमध्येच होत असल्याने रिएल या तिथल्या चलनाच्या चढउताराची धास्ती कमी. कागदावर हे सगळे आकर्षक दिसते. माझ्या शंका त्यापुढच्या आहेत.

पहिली शंका नुसत्या खरेदीबद्दल. कंबोडियाचा हंगामही साधारण फेब्रुवारी ते मे असाच, म्हणजे नेमका कोकणाबरोबरचा. आमची पोकळी पावसाळ्यानंतरची आहे. ती भरायची तर तीन-चार महिन्यांत वर्षाचा साठा रोखीने उचलून, ओलावा दहा टक्क्यांच्या आत येईपर्यंत वाळवून, मग गोदामात किंवा कंटेनरमध्ये अडकवून ठेवावा लागेल. व्हिएतनामचे व्यापारी ओली बीसुद्धा बागेच्या बांधावर पैसे मोजून नेतात, असे ऐकतो. अशा ठिकाणी नवख्या भारतीय खरेदीदाराला टिकायचे असेल, तर गावपातळीवरचे संकलक आगाऊ रकमेशिवाय माल देतात का, आणि ती रक्कम बुडू नये म्हणून तिथे प्रत्यक्षात काय व्यवस्था असते? शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांशी लेखी करार करून कोणी माल घेतला असेल, तर भाव चढल्यावर तो करार पाळला गेला का, हेही कळावे.

दुसरा पर्याय तिथेच कारखाना काढण्याचा, आणि सल्लागार मंडळी त्याचाच आग्रह धरतात. मला मात्र इथे वेगळीच अडचण दिसते. आपल्या परदेश व्यापार महासंचालनालयाने जून २०१९ मध्ये काजूगराला किमान आयात किंमत ठरवली: अख्ख्या गराला किलोमागे ७२० रुपये आणि तुकड्याला ६८० रुपये. त्याखालच्या भावाने गर देशात आणता येत नाही, आयात शुल्क वेगळेच. म्हणजे कच्च्या बीला अडीच टक्के शुल्क आणि तयार गराला भिंत. हे धोरण इथल्या कारखान्यांच्या हिताचे आहे आणि त्याचा फायदा आम्हीही घेतो, तेव्हा तक्रार नाही. पण तिथे तयार केलेला गर वेंगुर्ल्याच्या नावावर खपवायचा हा मार्ग मग बंदच समजायचा. ग्राहक चीनमध्ये, आखातात किंवा युरोपात शोधावा लागेल, आणि तिथे व्हिएतनामच्या भावाशी गाठ आहे. करमाफीचे कौतुक मला त्यामुळे फारसे वाटत नाही, कारण पहिली काही वर्षे नफाच झाला नाही तर माफी कशावर घेणार? चीन आणि कंबोडिया यांच्यातला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याचा काजूगराला प्रत्यक्ष किती लाभ होतो, हे निर्यात करणाऱ्या कोणी सांगितल्यास फार उपयोग होईल.

जमिनीचा प्रश्नही आहे. परदेशी व्यक्तीला तिथे जमीन घेता येत नाही; कंपनीला घ्यायची असेल तर किमान ५१ टक्के भाग कंबोडियन मालकीचे लागतात. यावर आम्हाला सुचवलेला तोडगा असा की ५१ टक्के भाग एखाद्या स्थानिकाच्या नावावर दाखवावेत आणि बाजूला खासगी करारपत्र करून ठेवावे. हा सल्ला मी मानणार नाही. १५ ते ५० वर्षांचा नोंदणीकृत दीर्घकालीन भाडेपट्टा हाच सरळ मार्ग दिसतो. असा भाडेपट्टा तारण ठेवून तिथली बँक खेळते भांडवल देते का?

भारताच्या बाजूने पाहता, आमची नोंदणीकृत भागीदारी संस्था आहे. परदेशातील गुंतवणुकीच्या २०२२ च्या भारतीय नियमांनुसार अशा संस्थेलाही बाहेर थेट गुंतवणूक करता येते, असे आमचे सनदी लेखापाल म्हणतात. परंतु जिल्ह्याच्या ठिकाणची बँक शाखा हे काम हाताळते की मुंबईच्या शाखेकडेच जावे लागते? लाभांश बाहेर पाठवताना कंबोडिया १४ टक्के कर कापतो, म्हणून सिंगापूरमधून कंपनी काढा, असेही कोणी सुचवले. आमच्या आकाराच्या उद्योगाला त्या दुसऱ्या कंपनीचा सांभाळखर्च परवडेल, असे मला वाटत नाही.

घरच्यांना कंबोडिया म्हटले की सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या तरुणांच्या बातम्याच आठवतात. त्यामुळे आमचे दोन जुने कारागीर तिकडे न्यायचे ठरले, तर परवाना आणि व्हिसा यांची नीट वाट कोणती, हे मला त्यांच्या घरी जाऊन समजावून सांगावे लागेल. परदेशी कामगारांवर साधारण दहा टक्क्यांची मर्यादा आहे. लहान युनिटला त्यातून सवलत मिळते का?

सध्या माझा कल असा आहे की एक हंगाम काम्पोंग थोमच्या एखाद्या चालू कारखान्यात आपली बी देऊन जॉबवर्कने गर करून घ्यावा आणि तो बाहेरच विकून पाहावा. असे जॉबवर्क तिथे कोणी करून देते का, आणि टरफलाचा हिशेब त्यात कोणाकडे राहतो?